सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी बेताच्या किमतीचा लॅपटॉप निवडताना

जत तालुक्यातील एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्या एका नर्सिंग पदवीधर ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांना एमपीएच या सार्वजनिक आरोग्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे आणि लॅपटॉपसाठी त्यांनी ४५,००० रुपयांची तरतूद केली आहे. सांगलीतील एका दुकानदाराने त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले आहेत: ८ जीबी रॅमचा (रॅम म्हणजे चालू कामाची माहिती ठेवणारी तात्पुरती मेमरी) साधा लॅपटॉप ३३,००० रुपयांना, किंवा वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप ६२,००० रुपयांना, हप्त्यांवर. तिसरा पर्याय घरातलाच आहे. पुण्याला नोकरी करणारा मामेभाऊ आपला २०२० सालचा, ८ जीबी रॅमचा मॅकबुक एअर २५,००० रुपयांना द्यायला तयार आहे. यांपैकी काय घ्यावे आणि शेवटच्या सत्रात प्रबंधाचे काम अंगावर आले की तो पुरा पडेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मिरज-सांगली भागात जैवसांख्यिकी आणि साथरोगशास्त्राची प्रात्यक्षिके मी बरीच वर्षे घेत आहे आणि विद्यार्थ्यांचे लॅपटॉप नेमके कोणत्या कामात अडतात हे जवळून पाहिले आहे. त्या आधारावर सांगते की या तिन्हींपैकी एकही जसाच्या तसा घेऊ नये. ताईंनी मधल्या दर्जाचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क) आणि फुल एचडी स्क्रीन असलेला विंडोज लॅपटॉप शोधावा. रॅमचे भाव चढे असतात तेव्हा असा नवा लॅपटॉप ४५,००० रुपयांत बसत नाही. तेव्हा ८ जीबी रॅमचा, पण रॅमचा एक स्लॉट (पट्टी बसवण्याची खाच) मोकळा असलेला लॅपटॉप घ्यावा आणि दुसरी पट्टी पुढे कधीतरी घालून घ्यावी. ३३,००० रुपयांच्या त्या साध्या लॅपटॉपमध्ये असा मोकळा स्लॉट निघाला, तर माझा त्याला असलेला विरोध बराचसा संपतो. म्हणजे सगळा प्रश्न रॅमपाशी येऊन थांबतो, आणि याचे कारण नीट समजून घेतले तर दुकानात कोणी काहीही सांगितले तरी ताईंची निवड चुकणार नाही.

एमपीएचच्या विद्यार्थ्याचे आकडेमोडीचे काम दोन प्रकारचे असते. पहिले म्हणजे स्वतः गोळा केलेली माहिती. जत तालुक्यातील ४०० मातांना १२० प्रश्न विचारले, असे समजा. ही ४८,००० उत्तरे झाली. सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आकड्याला ८ बाइट जागा धरली तरी ती अर्ध्या एमबीतही मावतात. एवढ्या कामासाठी कोणताही लॅपटॉप चालतो, दहा वर्षांपूर्वीचाही चालेल. दुसरा प्रकार म्हणजे आधीच उपलब्ध असलेल्या मोठ्या सर्वेक्षणांचे विश्लेषण, आणि आज अनेक मार्गदर्शक विद्यार्थ्यांना याच वाटेने पाठवतात, कारण दोन वर्षांच्या मुदतीत मोठा नमुना स्वतः गोळा करणे शक्य नसते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ च्या फेरीत, ६,३६,६९९ कुटुंबे आणि ७,२४,११५ स्त्रिया आहेत. स्त्रियांच्या फाइलमध्ये प्रत्येक स्त्रीची एक ओळ आणि प्रत्येक माहितीचा एक रकाना असतो, आणि असे रकाने हजारोंनी आहेत. आर हे सॉफ्टवेअर अशी फाइल वाचताना साधारणपणे प्रत्येक आकड्याला ८ बाइट देते. म्हणजे एका रकान्याला सुमारे ५.८ एमबी आणि हजार रकान्यांना सुमारे ५.८ जीबी. शिवाय आर काय किंवा स्टाटा हे सांख्यिकीचे दुसरे सॉफ्टवेअर काय, उघडलेला सगळा डेटा रॅममध्येच ठेवतात. ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि ब्राउझर यांनीच निम्मी रॅम व्यापलेली असते. अशा वेळी पूर्ण फाइल उघडायला सांगितली की पडदा गोठतो, आणि विद्यार्थ्याला वाटते की प्रोसेसर कमजोर आहे. खळेच लहान असेल तर मळणीचे बैल कितीही चपळ असून उपयोग होत नाही.

यावर शहाणपणाचा उपाय लॅपटॉपच्या किमतीत नसून कामाच्या पद्धतीत आहे, आणि तो शिकून घेतला तर ८ जीबीवरही बरेच काम होते. प्रबंधाच्या प्रश्नाला लागणारे रकाने क्वचितच चाळीसच्या पुढे जातात. आरमध्ये हेवन या पॅकेजने (आरला जोडून घ्यायच्या संचाने) फाइल वाचतानाच हवे तेवढे रकाने निवडता येतात. सात लाखांवर ओळींचे चाळीस रकाने घेतले तरी पाव जीबीदेखील लागत नाही, आणि त्यातून फक्त महाराष्ट्राच्या ओळी ठेवल्या की काम अगदी हलके होते. स्टाटामध्येही निवडक चलांसह (म्हणजे रकान्यांसह) फाइल उघडण्याची सोय आहे. तिथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. स्टाटाच्या बीई या सर्वांत स्वस्त आवृत्तीत एका वेळी २,०४८ चलच मावतात आणि स्त्रियांच्या फाइलमध्ये त्याहून अधिक आहेत. त्यामुळे पूर्ण फाइल उघडण्याचा प्रयत्न त्या आवृत्तीत फसतोच, मग लॅपटॉप एक लाखाचा असो. एकदा निवडलेला भाग वेगळ्या फाइलमध्ये साठवून ठेवावा आणि पुढचे सगळे काम त्या छोट्या फाइलवर करावे.

मग १६ जीबीचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न येईल. याचे कारण असे की दोन फाइली जोडताना, नवे चल तयार करताना किंवा बहुस्तरीय मॉडेल बसवताना सॉफ्टवेअर डेटाच्या तात्पुरत्या प्रती करते, आणि मूळ डेटाच्या दुप्पट-तिप्पट जागा काही क्षणांसाठी सहज लागते. त्याच वेळी मार्गदर्शकांशी ऑनलाइन बैठक चालू असते, संदर्भ सांभाळणारे झोटेरो उघडे असते, वर्डमध्ये प्रबंधाचा मसुदा असतो आणि ब्राउझरमध्ये वीस लेख उघडलेले असतात. हे सगळे एकदम उघडे ठेवता येणे ही चैन नव्हे. लिहिता लिहिता एखादा आकडा पुन्हा तपासता येतो तो त्यामुळेच.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र दुकानात सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी आपल्या कामाला लागू होत नाहीत. आरमधली बहुतेक गणिते, वेगळी सोय केलेली नसेल तर, एका वेळी प्रोसेसरचा एकच गाभा (कोअर) वापरतात. स्टाटाच्या बीई आणि एसई आवृत्त्याही तसेच करतात. म्हणून दहा गाभ्यांचा प्रोसेसर सहा गाभ्यांच्या प्रोसेसरपेक्षा आपले काम तितक्या पटीने लवकर करत नाही. इंटेलचे १२ व्या पिढीतील आय३-१२१५यू आणि आय५-१२३५यू हे दोन प्रोसेसर पाहा. पहिल्यात सहा गाभे आणि दुसऱ्यात दहा, पण वेगवान गाभे दोन्हींत दोनच आहेत आणि दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ हाच आहे. हे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी असतील आणि आय३ च्या जोडीला १६ जीबी, तर आय५ च्या जोडीला ८ जीबी रॅम त्याच किमतीत मिळत असेल, तर एमपीएचसाठी मी क्षणाचाही विचार न करता आय३ घ्यायला सांगेन. अशी तुलना दुकानदार सहसा करून दाखवत नाही, कारण ग्राहक आय५ हे नाव विचारतच आत आलेला असतो.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरांमध्ये नावाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. ७००० मालिकेतील चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतील रचना किती जुनी आहे हे सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या दोन नावांत एकाच आकड्याचा फरक आहे. पण पहिल्यात जुन्या झेन २ रचनेचे चार गाभे आहेत आणि दुसऱ्यात झेन ३ रचनेचे सहा. याहून महत्त्वाचे म्हणजे ७५२०यू ज्या प्रकारची रॅम वापरतो ती मदरबोर्डवर सोल्डर केलेलीच येते, त्यामुळे ८ जीबी घेतली की कायमची ८ जीबीच. स्वस्त लॅपटॉपच्या जाहिरातीत हा प्रोसेसर वारंवार दिसतो. १६ जीबीसह मिळाला तर चालेल, ८ जीबीसह मुळीच घेऊ नये. सेलेरॉन आणि पेंटियम हे प्रोसेसर तसेच आय३ नंतर एन अक्षर येणारे प्रोसेसर या कामासाठी टाळावेत. ते पत्रव्यवहाराला आणि ऑनलाइन वर्गांना ठीक आहेत, पण सर्वेक्षणाचे वजन (प्रत्येक उत्तराला दिलेला भार) लावून केलेल्या विश्लेषणाला ते फार वेळ घेतात.

आता त्या ६२,००० रुपयांच्या गेमिंग लॅपटॉपविषयी. वेगळे ग्राफिक्स कार्ड खेळांसाठी, चित्रफितींच्या संपादनासाठी आणि विशिष्ट प्रकारच्या यंत्र-शिक्षणासाठी उपयोगी पडते. आर, स्टाटा, एसपीएसएस आणि एपी इन्फो ही विश्लेषणाची सॉफ्टवेअरे, माहिती गोळा करण्याचे कोबो किंवा झोटेरो यांतल्या कशालाही एमपीएचच्या नेहमीच्या कामात त्याची गरज लागत नाही. राहता राहिले नकाशांचे काम, आणि ग्राफिक्स कार्डाचे समर्थन करताना नेमका याचाच दाखला दिला जातो. आपल्या जिल्ह्यात हे काम महत्त्वाचे आहे हे मला मान्य आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि वारणेचा महापूर आला. त्या वेळी कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची किती गावे पाण्याने तोडली, हे उपग्रहाच्या प्रतिमांवरून मांडणे हा आजही उत्तम प्रबंधविषय आहे. पावसाळ्यात आकाश ढगांनी भरलेले असते, म्हणून त्यासाठी ढगांच्या आरपार पाहणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमा वापरतात. परंतु अशा प्रतिमांवरची जड प्रक्रिया गूगल अर्थ इंजिनमध्ये करता येते, तिथे गणित दूरच्या सर्व्हरवर होते आणि आपल्याकडे फक्त ब्राउझर लागतो. त्यातून निघालेला पुराचा थर, गावांच्या सीमा आणि आरोग्य केंद्रांचे बिंदू क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवणे हे काम प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर व्यवस्थित होते. इथेही अडलेच तर रॅमपाशीच अडते. उलट गेमिंग लॅपटॉप दोन किलोंच्या पुढे जातो, त्याचा चार्जर वेगळा जड असतो आणि बॅटरी लवकर उतरते. शिवाय हप्ते अशा काळात भरायचे जेव्हा पगार थांबलेला किंवा अर्धा असेल. हा पर्याय पूर्णपणे सोडून द्यावा.

मॅकबुकबद्दल मी इतके कठोर बोलणार नाही. २०२० च्या अखेरीस आलेला एम१ चिपचा मॅकबुक एअर हे उत्तम यंत्र आहे. त्याची स्क्रीन आणि बॅटरी या किमतीच्या कोणत्याही नव्या विंडोज लॅपटॉपपेक्षा सरस आहेत, आणि आर, स्टाटा, एसपीएसएस, क्यूजीआयएस हे सर्व त्यावर चालते. अडचणी दोन आहेत. एक म्हणजे त्याची रॅम कधीच वाढवता येत नाही. दुसरी म्हणजे अमेरिकेच्या सीडीसीने तयार केलेले एपी इन्फो आणि नकाशांसाठीचे आर्कजीआयएस प्रो ही दोन्ही संगणकावर फक्त विंडोजमध्ये चालतात, आणि अनेक विभागांतील प्रात्यक्षिके त्यांवरच बेतलेली असतात. मामेभावाचा मॅकबुक १६ जीबीचा असता आणि ताईंच्या विभागात सगळे शिक्षण आरवर होत असते, तर मी तोच घ्यायला सांगितले असते. ८ जीबीचा आहे म्हणून नको. याच कारणाने क्रोमबुकही टाळावे. स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉपही सध्या नकोत, कारण जुनी सॉफ्टवेअरे आणि ड्रायव्हर त्यांवर कधी अडतील याचा भरवसा नाही.

रॅमचा स्लॉट मोकळा आहे का, हे दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर सोडू नये. चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेले की किती स्लॉटपैकी किती वापरात आहेत ते दिसते. तेवढ्यावरही न थांबता कंपनीच्या संकेतस्थळावर नेमका मॉडेल क्रमांक घालून तपशील वाचावा. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपांच्या उपप्रकारांमध्ये एकाची रॅम पूर्ण सोल्डर केलेली आणि दुसऱ्याची बदलता येणारी, असे सर्रास असते. ८ जीबी सोल्डर केलेली आणि जोडीला एक मोकळा स्लॉट, ही रचनाही चांगली आहे. नंतर पट्टी घालताना लॅपटॉप उघडल्याने वॉरंटीवर परिणाम होतो का, हे त्या कंपनीच्या सेवा केंद्राला आधी विचारावे.

साठवणुकीसाठी ५१२ जीबीची एनव्हीएमई (अधिक वेगवान प्रकारची) एसएसडी पुरेशी आहे. फिरती हार्ड डिस्क किंवा ईएमएमसी (साठवणुकीची संथ चिप) असलेला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. गुणात्मक अभ्यासासाठी मुलाखती ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना जागेची फार काळजी वाटते. पण १२८ केबीपीएसच्या एमपी३ स्वरूपात एका तासाची मुलाखत सुमारे ५८ एमबीत मावते, म्हणजे तीस मुलाखतीही दोन जीबीच्या आत राहतात.

स्क्रीन मात्र नीट पाहून घ्यावी. १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन असलेले लॅपटॉप अजूनही विकले जातात. आरस्टुडिओमध्ये एकाच पडद्यावर चार चौकटी असतात आणि त्या स्क्रीनवर प्रत्येक चौकटीत जेमतेम काही ओळी दिसतात. १९२० बाय १०८० (म्हणजे फुल एचडी) आणि आयपीएस (बाजूने पाहिले तरी नीट दिसणारी स्क्रीन) एवढे असले म्हणजे झाले. रोज एसटीने ये-जा करायची असेल तर १४ इंची घ्यावा, वसतिगृहात टेबलावरच ठेवायचा असेल तर १५.६ इंची. टचस्क्रीनसाठी किंवा पडदा पूर्ण उलटणाऱ्या मॉडेलसाठी जास्त पैसे देऊ नयेत. गावात माहिती गोळा करण्याचे काम लॅपटॉपवर होतच नाही. ते अँड्रॉइड फोनवर कोबोकलेक्ट किंवा ओडीके कलेक्टने होते. तिथे नेटवर्क नसले तरी प्रश्नावली भरून होते, आणि रेंज मिळाली की ती पाठवता येते. जतच्या उन्हात दुपारी वस्तीवर बसून लॅपटॉप उघडण्याची वेळ येणार नाही.

बॅटरीबाबत जाहिरातीतील तासांकडे दुर्लक्ष करून वॉट-अवरचा (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचा) आकडा पाहावा. लेखन-वाचन करताना असा लॅपटॉप साधारण ७ ते ८ वॉट खातो. म्हणजे ४२ वॉट-अवरच्या बॅटरीवर साडेपाच तासांच्या आसपास काम होते. विश्लेषण चालू असताना आणि प्रकाश पूर्ण वाढवलेला असताना हेच साडेतीन-चार तासांवर येते. ५० वॉट-अवर किंवा त्याहून मोठी बॅटरी मिळाली तर दोन-तीन हजार अधिक द्यायला हरकत नाही. पूर्व भागातल्या गावांत वीज कधी जाईल हे ताईंना मी सांगायला नको. टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर चार्जर हरवला किंवा बिघडला तरी दुसरा सहज मिळतो.

मराठीतून काम करणाऱ्यांसाठी काही गोष्टी मुद्दाम सांगायला हव्यात, कारण इंग्रजीतील खरेदी-मार्गदर्शनात त्या कधीच येत नाहीत. कीबोर्डवर देवनागरी अक्षरे छापलेली असण्याची गरज नाही. विंडोजमध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड असतात. विंडोजवर आर वापरताना त्याची आवृत्ती ४.२ किंवा त्यानंतरची असावी. २०२२ मधल्या त्या आवृत्तीपासून विंडोजवरील आर यूटीएफ-८ ही देवनागरीसह सर्व लिप्या साठवणारी संकेतपद्धत वापरू लागले. त्यामुळे गावांची नावे आणि खुल्या प्रश्नांची मराठी उत्तरे वाचता येतात, त्याआधी त्यांच्या जागी अनेकदा आकड्यांचे सांकेतिक तुकडे दिसत. कोबोमधून उतरवलेली सीएसव्ही (साध्या मजकुरातील तक्त्याची) फाइल एक्सेलमध्ये थेट दुहेरी क्लिकने उघडली तर देवनागरीचा चुराडा होऊ शकतो. ती डेटा मेनूतून, यूटीएफ-८ निवडून आत घ्यावी. तालुका आणि जिल्हा कार्यालयांतून मिळणारे जुने अहवाल युनिकोडमध्ये नसलेल्या फॉन्टमध्येही असतात. ते उतरवून घेतले की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि आधी रूपांतर करावे लागते. हे सर्व आठवडाभराच्या सरावाचे काम आहे, त्यासाठी अधिक महाग लॅपटॉप लागत नाही.

ज्या बाबतीत मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही ती म्हणजे उत्तर देणाऱ्यांच्या माहितीची सुरक्षितता. एखाद्या स्त्रीने तिच्या गर्भपाताविषयी, क्षयरोगाविषयी किंवा घरातील मारहाणीविषयी आपल्या विद्यार्थ्याला विश्वासाने सांगितलेले असते, आणि ते नाव-गावासह लॅपटॉपमध्ये असते. लॅपटॉप बसमध्ये राहिला किंवा वसतिगृहातून चोरीला गेला, तर उघडणाऱ्याला त्यातले काहीही वाचता येता कामा नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे गोपनीयतेची जबाबदारी संशोधकावर टाकतात, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आता आहे. व्यवहारात करायचे ते असे. विंडोजच्या होम आवृत्तीत अनेक नव्या लॅपटॉपांवर डिव्हाइस एन्क्रिप्शनची (साठवलेले सगळे कुलूपबंद संकेतात बदलण्याची) सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू आहे का ते पाहावे आणि तिची रिकव्हरी की (अडल्यास हे कुलूप उघडणारा क्रमांक) कागदावर लिहून घरी ठेवावी. ही सोय नसेल तर व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर आहे. नावे आणि फोन क्रमांक उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत. बाहेरची एक हार्ड डिस्क घेऊन तिच्यावर दर आठवड्याला प्रत काढावी, तीही एन्क्रिप्ट केलेली. ही डिस्क लॅपटॉपच्याच पिशवीत किंवा त्याच घरात असू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये सांगलीच्या पेठांत पाणी शिरले तेव्हा माळ्यावर न चढवलेले सगळेच एकदम गेले. ताईंचे घर नदीपासून लांब आहे, पण प्रवेश घेतलेल्या गावी खोली कुठे मिळेल ते आज ठरलेले नाही. डिस्कचा खर्च सुरुवातीपासूनच ४५,००० रुपयांत धरावा.

नवा लॅपटॉप बजेटमध्ये बसत नसेल तर मोठ्या कंपन्यांतून बदलून निघालेले व्यावसायिक दर्जाचे जुने लॅपटॉप हा प्रतिष्ठित पर्याय आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४००, एलिटबुक ८४० जी६ या मॉडेलांत रॅमचे दोन स्लॉट असतात, कीबोर्ड उत्तम असतो आणि बांधणी टिकाऊ असते. यात एक मर्यादा काटेकोरपणे पाळावी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सुरक्षेच्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे ८ व्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणून ६ व्या-७ व्या पिढीचे, दिसायला चकचकीत असलेले लॅपटॉप स्वस्तात मिळत असले तरी घेऊ नयेत. विक्रेत्याकडून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून घ्यावा. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. दुसरी पहिलीच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत वजा करूनच सौदा करावा. पक्के बिल आणि लेखी वॉरंटी देत नसेल त्याच्याकडून जुना लॅपटॉप घेऊच नये.

नव्या लॅपटॉपबाबतही सेवा हा मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी पिनकोडवर अवलंबून असते. सांगली-मिरजेत मिळणारी सेवा जत किंवा आटपाडीच्या खेड्यात मिळेलच असे नाही, आणि मग लॅपटॉप घेऊन कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागते. खरेदीपूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवेला दोन्ही पिनकोड विचारावेत, घराचा आणि शिक्षणाच्या गावाचा. पडणे किंवा पाणी सांडणे यासाठीचे वाढीव संरक्षण पहिल्या दोन वर्षांपुरते घ्यावे, कारण प्रबंधाच्या ऐन वेळी पडदा फुटला तर दुसरा लॅपटॉप घेण्याची ऐपत नसते.

दुकानदार सौजन्य म्हणून सगळी सॉफ्टवेअरे टाकून देतो असे म्हणेल आणि त्यात एसपीएसएसची चोरटी प्रतही असेल. ती नम्रपणे नाकारावी. अशा प्रतींसोबत येणारे विषाणू मी विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर पाहिले आहेत, आणि प्रबंधात वापरलेल्या सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती लिहावी लागते. आर, आरस्टुडिओ, सांख्यिकीचेच जामोवी, क्यूजीआयएस, झोटेरो, कोबो हे सर्व विद्यार्थ्यांना मोफत मिळते. सॅस हे सांख्यिकीचे सॉफ्टवेअर शिकवले जात असेल तर त्याची शैक्षणिक आवृत्ती ब्राउझरमध्ये मोफत चालते. स्टाटा किंवा एसपीएसएस लागणारच असेल तर विभागाकडे परवाना आहे का, तो विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर चालतो की फक्त संगणक कक्षात, हे विभागाला आजच पत्राने विचारावे. त्याच पत्रात एपी इन्फो आणि आर्कजीआयएस प्रो वापरतात का, हेही विचारून घ्यावे. उत्तर येईपर्यंत खरेदी थांबवावी. पहिले काही आठवडे प्रास्ताविक व्याख्यानांतच जातात, त्यामुळे थोडा उशीर झाला तरी नुकसान होत नाही.

शेवटी पैशांविषयी. ताई शिक्षणासाठी बँकेचे कर्ज घेणार असतील तर लॅपटॉप वेगळ्या हप्त्यांवर घेण्याआधी शाखा व्यवस्थापकांशी बोलावे. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी आवश्यक असल्यास संगणकाची वाजवी किंमत कर्जात धरण्याची तरतूद आहे, आणि दुकानाच्या हप्त्यांपेक्षा या कर्जाची परतफेड बरीच सोयीची असते. त्यासाठी कर्ज मंजूर होण्यापूर्वीच दुकानाचे कोटेशन जोडावे लागते. ते घेताना १८ टक्के जीएसटीसह एकूण रक्कम, लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक, रॅम किती आणि स्लॉट किती मोकळे, एवढे सगळे त्यावर लिहून घ्यावे. पेटी हातात आल्यावर दुकानातच ती उघडून खोक्यावरचा क्रमांक कोटेशनशी ताडून पाहावा आणि मगच सही करावी.